बुंदीचं टोपलं

पेढे सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचे असतात, हे मला माहीत नव्हतं. मी वर चढले.

"तिथंच. तिथंच थांब गं बाई," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज इतका गोड, की हातातले पेढे लाजावेत.

मी थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. नाटकात पडदा मध्येच अडकला की नट जसा हात उचललेला धरून उभा राहतो, तशी. अंगावर नवं पातळ, केसांत मोगरा, बोटात अंगठी. आदल्या दिवशी माझं साक्षगंध झालं होतं. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. त्याचे पेढे घेऊन बाबा मला साहेबांच्या बंगल्यावर घेऊन आले होते.

बाबांनी माझ्या हातून डबा काढून घेतला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला, खालच्या पायरीवर पसरला, आणि त्यावर पेढे मांडले. एकेक. हळूच.

कागद घरून आणलेला होता. मी बघतच राहिले. म्हणजे बाबांना माहीत होतं. निघताना ते मायला म्हणाले होते, "पोरीले चांगलं नेसव, मालकाकडे जाऊन राहिलो." आणि त्याच वेळी त्यांनी कागदाची घडी खिशात घातली होती.

बाईसाहेबांनी माळ्याला हाक मारली. "हे गाईला घाल रे."

गाईनं पेढे खाल्ले. कागदासकट खाल्ले. मी तिला दोष देत नाही. त्या अख्ख्या बंगल्यात माझ्या लग्नाचं तोंड गोड करून घेणारी ती एकटीच होती.

मग साहेब बाहेर आले. पांढरा बुशशर्ट, हातात वर्तमानपत्र, ओठांवर हसू. ते हसू मी लहानपणापासून पाहत आले होते. साहेब कधी ओरडत नसत. लोक त्यांना घाबरत ते त्या हसण्यामुळे.

"सद्या," साहेब बाबांना म्हणाले, "पोरगी मोठी झाली की रे."

बाबांचं नाव सदाशिव. साहेबांपेक्षा वयानं चांगले मोठे. पण साहेब म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडच्या गावातल्या मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, चिरंजीव. इंजिनियर होऊन आले होते. भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहत होता. भट्ट्या बांधायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि साहेब त्या ठेकेदाराचे उजवे हात होते. गावातली माणसं त्यांनीच आणली, बाबांनाही त्यांनीच. बाबा भट्टीच्या विटा लावायचे. गाव सुटलं, रेल्वेत बसून आलो, पण 'मालक' हा शब्द काही गावात राहिला नाही. तोही आमच्याबरोबर विनातिकीट आला.

"तारीख काय धरली?"

"येत्या महिन्यातला शेवटचा रविवार, मालक. त्या दिवशी मले सुट्टी असते."

साहेब मोठ्यानं हसले. "म्हणजे पंचांग नाही, जोशी नाही. सुट्टी हाच मुहूर्त!"

खरं सांगते, विनोद चांगला होता. मला हसू येता येता राहिलं. आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, बौद्ध झालो, तेव्हापासून मुहूर्त, पत्रिका, गुण, सगळं सोडलं होतं. आमच्या दृष्टीनं सगळे दिवस सारखे. त्यात बाबांच्या सुट्टीचा तेवढा चांगला.

"पण त्याच रविवारी आमच्या पोरीचं, मंदाचं, लग्न आहे," साहेब म्हणाले. "गोरज मुहूर्त. जोशीबुवांनी काढलेला, तो काही हलत नाही. तुमचा हलतो. तू सोमवारी कर."

"सोमवारी ड्यूटी राहते, मालक."

"सुट्टी देणारा कोण? मीच ना? रविवारी तुझी ड्यूटी इथं. सोमवारची सुट्टी दिली. झालं." मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "लाकडं फोडायची, पाणी भरायचं, पत्रावळी उचलायच्या. सगळं घर घेऊन ये. माझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या बापानं केलं, माझ्या लग्नात तू केलंस. आता मंदाचं. रीत मोडू नये."

बाबा खाली बघत होते.

"आणि हे बघ. बुंदी, पुऱ्या, भाजी, मोप उरेल. टोपल्यानं घेऊन जा. सोमवारी तुझ्या पोरीच्या लग्नात चूल पेटवायचीच गरज नाही."

साहेब माझ्याकडे बघून हसले. मोठं काही देऊन टाकल्यासारखे.

बाबा म्हणाले, "जी मालक."

परत येताना बाबा पुढे चालत होते, मी मागे. सेक्टर दहा तेव्हा नुकतं वसत होतं. लाल मुरमाच्या सडका, नवे बंगले, झाडं गुडघ्याएवढी. त्यापलीकडे कारखाना. अर्धा उभा, अर्धा लोखंडी सांगाडा. ज्या भट्ट्या पेटल्या होत्या त्यांतून तापलेला कोळसा बाहेर ढकलला, की सगळं आभाळ लाल व्हायचं. मग त्यावर पाणी पडायचं आणि वाफेचा ढग उठायचा. त्या संध्याकाळी आभाळ पेटलं, तेव्हा बाबांच्या कोऱ्या शर्टावर तो लाल रंग पडला. मला वाटलं, कुणीतरी मागून त्यांच्यावर काहीतरी फेकलं.

तरी मी फार काळजी केली नाही. बाबा बाहेर 'जी' म्हणायचे आणि घरी येऊन मनासारखं करायचे, असं मला तेव्हा वाटायचं.

आम्ही कॅम्पात राहायचो. ठेकेदाराच्या माणसांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी होत्या, तिथं. बाबांनी घरी सांगितलं, की ड्यूटीमुळे लग्न एक दिवसानं पुढे. नवऱ्या मुलाच्या घरीही तोच निरोप पाठवला. मुलगा दुर्ग स्टेशनवर पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलणारा, मधुकर त्याचं नाव. रेल्वेच्या माणसाला ड्यूटीचं कारण लगेच पटतं. कुणी काही विचारलं नाही.

आणि तयारी सुरू झाली. काय सांगू तुम्हाला त्या तयारीची मजा! कॅम्पात बौद्ध लग्न कुणी पाहिलंच नव्हतं. एकट्या रामटेके मास्तरांनी नागपूरला एक पाहिलं होतं, तेही मागच्या रांगेतून. त्यामुळे मास्तर आमचे सर्वज्ञ. ते डोळे मिटून आठवायचे, आम्ही श्वास धरून बसायचो.

"आधी मेणबत्ती. मग त्रिशरण, पंचशील. मग हार."

"हळद कवा?" माय विचारायची.

"हळद नाही, वहिनी."

"कुंकू?"

"नाही."

"आंतरपाट?"

"कुठला आंतरपाट, वहिनी? मुलगा-मुलगी एकमेकांले पाहून राहिले. मधात पडदा कशाले?"

माय चुलीकडे वळायची. मग हळूच म्हणायची, "मंग लगन झालं हे समजन कसं?"

रंगीत तालीम आमच्या दारापुढेच झाली. नवरदेव झाली दुलारी. दुलारी कुरुद गावची, छत्तीसगढी बाई. बाबांच्या टोळीत रेजा होती, डोक्यावरून विटा वाहायची. तिनं डोक्याचा गमछा सोडून फेटा बांधला, मिशीच्या जागी कोळसा ओढला आणि छाती काढून माझ्यासमोर उभी राहिली. मास्तर तोंड फिरवून हसले. मी तिला कागदी फुलांचा हार घातला. मायनं मग माझं लग्नाचं पातळ बाहेर आणलं. पांढरं शुभ्र.

दुलारीचा चेहरा उतरला. कोळशाच्या मिशीसकट उतरला. "ए दाई! बिहाव मा सादा लुगरा?" लग्नात पांढरं लुगडं? तिला वाटलं, घरात कुणी मेलं.

सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात ओळीच्या टोकाला जीप थांबलेली दिसली. हॉर्न नाही, काही नाही. साहेब आत बसलेले. पांढऱ्या पातळाकडे, मास्तरांकडे, हारांकडे बघत होते. हसत होते. मग जीप गेली. मिशी पुसायचं भान दुलारीला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पाळी सुटली की घरी येईनासे झाले. बंगल्यामागे लाकडं फोडायला जायचे. हाताला फोड आले. माय त्यांवर खोबरेल लावायची आणि काही विचारायची नाही. मी एकदा विचारलं.

"बाबा, आपल्या लग्नाची लाकडं कधी फोडणार?"

"होईन व."

मग मला ती गोष्ट दिसली. म्हणजे ती रोजच समोर होती, मला दिसली त्या दिवशी. लग्नाच्या घरात कोपऱ्यात पोती असतात. तांदूळ, डाळ, गूळ, तेलाचा डबा. मुलं त्यांवर चढतात, बाया ओरडतात. आमचा कोपरा मोकळा होता. झाडून स्वच्छ. लग्न चार दिवसांवर आलेलं आणि घरात आमच्या रोजच्या जेवणापुरते तांदूळ.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. "वऱ्हाड काय खाईल?"

ते फोडांवर फुंकर घालत होते. "येईन."

"कुठून?"

त्यांनी दुसरा हात पुढे घेतला आणि त्यावर फुंकर घातली.

"बाबा, तुम्ही खरंच आणणार आहात ते टोपलं?"

मायच्या हातातली तेलाची वाटी थांबली. "कोणतं टोपलं?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. पायरी, कागद, गाय, रविवार, पत्रावळी, बुंदी. सगळं.

माय भिंतीला टेकून बसली. मग बोलली ती कुणाला उद्देशून नाही, समोरच्या मोकळ्या कोपऱ्याला सांगावं तसं.

"मी लहान होती तवा मालगुजाराच्या वाड्यामागे बसत होतो आमी. टोपले घेऊन. पंगत उठली का पत्रावळी फेकत. कुत्रेबी येत. बुंदीत वरन, वरनात भात, भातात कोनाच्या चुळा. माझी माय निवडू निवडू गोड वायलं काढे. आमी खाऊन राहिलो अन् हासून राहिलो. लय हासत होतो, पोरी. त्याचीच शरम वाटते मले." ती बाबांकडे वळली. "नागपूरले पांढरं लुगडं नेसून गेली मी. हात जोडून सांगतलं का हे संपलं. तुमीबी सांगतलं. माझ्या बाजूले उभे होते तुमी."

बाबा म्हणाले, "तुले आठवते गणपत? वाड्यावर यायले नाही म्हनला होता."

मायनं डोळे मिटले.

"त्याचं घर कोनं जाळलं ते आजवर कोनाले माहीत नाई," बाबा म्हणाले. "सगळ्यांले माहीत हाये." मग माझ्याकडे बघून, "तू मालकाचं हासनं पाहिलं. मी त्याच्या बापाचं हासनं पाहिलं हाये. ही खोली त्याची. काम त्याचं. तुहं लगन होऊन तू दुर्गले जाशीन. आमी इथंच राहून राहिलो ना?"

मी ज्या माणसाला भित्रा म्हणायला निघाले होते, तो माझ्या मायचं घर वाचवत होता. आणि त्यासाठी माझ्या लग्नात मला उष्टं वाढणार होता. दोन्ही खरं होतं.

सकाळी मी दुलारीला घेऊन दुर्ग स्टेशनला गेले. लग्न ठरलेली मुलगी, घरचं कुणी सोबत नसताना, नवऱ्या मुलाच्या कामावर! आज सांगताना मजा वाटते. तेव्हा मी पदर नाकापर्यंत ओढून चालले होते. वाटेत दुलारी सारखी मागे बघायची, जीप येते की काय म्हणून. "काबर जाथस नोनी?" कशाला जातेस, म्हणून तिनं दहादा विचारलं, आणि दहाही वेळा माझ्याबरोबर चालत राहिली.

मधुकर रुळांच्या सांध्यापाशी उभा होता, हातात हिरवी झेंडी. मालगाडी जात होती. लांबच लांब. त्यानं मला पाहिलं, पण गाडी पूर्ण जाईपर्यंत झेंडी खाली केली नाही. मला तेव्हाच तो आवडला. साक्षगंधात त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

"लग्न सोमवारी नको," मी म्हटलं. "आधी ठरलं तसं रविवारी."

"कावून? काय झालं?"

"सोमवारी तुमच्या वऱ्हाडाला उष्टं वाढणार आहेत. साहेबांच्या घरचं." आणि सगळं सांगितलं.

त्यानं झेंडी गुंडाळली. उलगडली. परत गुंडाळली. मला वाटलं, आता म्हणेल, घरच्यांना विचारतो. तसंच म्हणाला. "मायले सांगा लागन. तिले राग येईन." मग थोडं थांबून, "तुमच्यावर नाही."

"रविवारी जेवायला काय असेल ते मला माहीत नाही."

"पानी राहीन ना?"

"पाणी आहे."

"येतो," तो म्हणाला.

दुलारीला आमचं सगळं बोलणं कळलं नव्हतं, पण तिला हवं तेवढं कळलं होतं. परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "चाउर नइ हे?" तांदूळ नाही? मी मान हलवली. घरी आल्यावर मी माय-बाबांना आणि मास्तरांना सांगितलं, वऱ्हाड रविवारीच येणार.

रविवारी सकाळी दुलारी कुरुदच्या बाया घेऊन आली. प्रत्येकीच्या पदराला गाठ, गाठीत तांदूळ. जाडा, लाल, हातसडीचा. कुणी वांगी आणली होती, कुणी लाकडाच्या ढलप्या. मायनं चूल पेटवली. बाबा दाराशी बसले होते, कामाचे कपडे घालून. त्यांना बंगल्यावर जायचं होतं. ते उठत नव्हते आणि कपडेही बदलत नव्हते.

मी पांढरं पातळ नेसून बाहेर आले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

वऱ्हाड पायी आलं. मास्तरांनी पाटावर बुद्धाची तसबीर ठेवली, मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती विझली. परत लावली, परत विझली. शेवटी दुलारी गमछा पसरून आडोशाला उभी राहिली. आम्ही हात जोडून बसलो. मास्तर म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. मध्येच मागच्या ओळीतले आवाज बंद पडले. मग मधल्या ओळीतले. मास्तरांचा एकट्याचा आवाज राहिला, आणि जीपचा.

साहेब उतरले. अंगात रेशमी अंगरखा, डोक्यावर जरीचा फेटा. संध्याकाळी त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि बंगल्यामागे लाकडांचे ओंडके तसेच पडले होते.

"सद्या," ते म्हणाले. हसत.

कुणी हललं नाही. बाबा दाराच्या चौकटीत उभे राहिले. कामाच्या कपड्यांत. त्यांच्या तोंडातून तो शब्द निघणार, हे मला कळलं. ओठ तसेच झाले होते त्यांचे.

मी उठले. पंचशील अर्धं सोडून उठले. मास्तर आजही त्यावरून मला रागावतात.

"आज घरात लग्न आहे," मी साहेबांना म्हटलं. "तुम्ही आलात, बरं झालं. बसा. भात शिजतोय. जेवून जा."

मी एक पत्रावळ घेतली आणि त्यांच्या पायांपुढे मांडली. कोरी. स्वच्छ. मग पेलाभर पाणी ठेवलं शेजारी.

"बसा ना. आमच्यात पायरी नाही."

आता तुम्ही विचार करा. रेशमी अंगरख्यातला माणूस, समोर पत्रावळ, आजूबाजूला पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि विटा वाहणाऱ्या बाया. सगळ्यांची नजर त्या पत्रावळीवर. बसला तर त्याची जात गेली. उभा राहिला तर आमच्यासमोर पहिल्यांदाच त्याला काही करता येत नाही, हे सगळ्यांना दिसणार. साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. रिकाम्या खोलीत दिवा चालू राहावा तसं ते हसू दिसत होतं.

माझ्याकडे न बघता ते बाबांना म्हणाले, "आज ड्यूटी आहे तुझी. गैरहजेरी लावीन."

बाबा चौकटीतून पुढे आले. माझ्या शेजारी उभे राहिले.

"लावा, साहेब."

एवढंच. मालक नाही. साहेब. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा. मायनं चुलीपुढून वळून बघितलं.

साहेबांनी पेल्याला बुटाचं टोक लावलं. जोरात नाही. पेला आडवा झाला, पाणी मातीत गेलं. ते जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

मास्तरांनी पंचशील पहिल्यापासून सुरू केलं. लग्न झालं. जाडा भात आणि वांग्याची भाजी. लोक जेवले, पण हसत-बोलत नाही. जो तो ओळीच्या टोकाकडे बघत जेवला. संध्याकाळी सेक्टर दहाकडून सनईचा आवाज आला. आभाळ लाल झालं. मी मायच्या शेजारी बसून होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता आणि घरामागे काही खुडखुडलं, की तिची पकड अजून घट्ट व्हायची. तिला गणपतचं घर आठवत होतं. मला ते माहीत होतं.

घर जाळलं नाही कुणी. साहेब शिकलेले होते.

सोमवारी सकाळी मी दुर्गला निघणार, तर जीप आली. या वेळी फक्त ड्रायव्हर. त्यानं मागून मोठं टोपलं ओढलं आणि आमच्या दारात उपडं केलं. बुंदी, वरण, चावलेल्या पुऱ्या, पत्रावळींचे तुकडे. माशा आधीच बरोबर आलेल्या. "साहेब म्हणाले, रीत मोडू नये," ड्रायव्हर म्हणाला. टोपलं तिथंच टाकून तो गेला. आमच्याकडे त्यानं डोळे वर करून बघितलं नाही. तोही आमच्याच गावचा होता.

मायनं फावडं घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही. दारापुढे खड्डा खणला, आणि ती बुंदी त्यात लोटली. शेवटचा दाणा लोटला तेव्हा तिनं वर बघितलं. ती रडत नव्हती. ती खूप भुकेल्या माणसासारखी दिसत होती. मग तिनं माती ओढली आणि पायानं दाबली.

मी रिकामं टोपलं उचललं.

"कुठं निघाली?" मधुकर म्हणाला.

"ज्याचं त्याला देते."

तो बरोबर आला. मी त्याला फाटकाशी थांबायला सांगितलं. हे मला एकटीला करायचं होतं.

बंगल्यात मांडव अजून तसाच होता. पाहुणे चहा पीत होते. वरच्या पायरीवर बाईसाहेब. मला पाहून त्या उठल्या. लग्नाच्या घरात, भर सकाळी, पांढरं नेसलेली बाई. त्यांच्या चेहऱ्यावरचं भय मी अजून चवीनं आठवते, लपवत नाही.

"तिथंच. तिथंच थांब."

मी खालची पायरी चढले. मधली चढले. वरची चढले. टोपलं त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं. साहेब आतून आले होते.

"टोपलं तुमचं आहे," मी म्हटलं. "आतलं मातीत गेलं. पुन्हा भरून पाठवलंत, तर भरलेलंच परत आणीन. आणि मग उंबऱ्यावर थांबणार नाही. देवघरापर्यंत आणीन."

"सद्याची पोरगी बोलायला शिकली," साहेब पाहुण्यांना म्हणाले. हसत. पाहुणे हसले नाहीत.

मी खाली उतरले. पाठ फिरवून, सावकाश. मागून काहीतरी येऊन पाठीत बसेल, असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. काही आलं नाही.

जे यायचं ते नंतर आलं. त्याच आठवड्यात बाबांचं काम गेलं. मग खोली गेली. सामान बाहेर ठेवलं गेलं, आणि ते ठेवणाऱ्यांत गावचीच माणसं होती. माय-बाबा रिसालीला, तेव्हाच्या खेड्यात, एका गोठ्याच्या पडवीत राहिले. बाबांना भट्टीवर पुन्हा कुणी घेतलं नाही. त्यांनी लावलेल्या विटांची भट्टी पेटली, तेव्हा ते पडवीतून लाल आभाळ बघत होते. मला म्हणाले, "मायावाली हाये ते." माझी आहे ती, एवढंच. त्यांना पस्तावा झाला का, हे मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही. माझ्या लग्नात बाबांनी जे मोजलं, त्याला मी कुठल्या तोंडानं स्वस्त म्हणू?

साहेब मोठे होत गेले. आजही भेटले तर हसतील.

आता माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. तिच्या सासरचे शिकलेले, आमच्यातलेच, बुद्धवंदना म्हणणारे. परवा त्यांच्याकडचे एक काका हळूच म्हणाले, "एखादा चांगला दिवस पाहून घेऊ म्हणतो, लोक नावं ठेवतात. आणि जेवणाची पहिली पंगत मोठ्या लोकांची ठेवू, आपली माणसं नंतर बसतील."

मी हसले. मलाही आता हसता येतं.

म्हटलं, लग्न रविवारी. त्या दिवशी मला सुट्टी असते. आणि पहिल्या पंगतीत पहिलं पान माझ्या मायचं, शेजारी बाबांचं. मग दुलारीचं. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी जेवायला थांबू नये.

ते म्हणाले, "ताई, जरा थांबा ना, एवढं काय."

आवाज गोड होता. मी तो ओळखते. तो आवाज ऐकला की माझा पाय आपोआप वरच्या पायरीकडे जातो. तो पाय मी पुन्हा खाली ठेवणार नाही.